बिनब्रेकची सायकल

तुमाले सायकल थांबवनं सोपं वाटत असन, तर आमच्या सलीमची सायकल चालवून पाहा. देऊळघाटच्या या माह्या दोस्तानं ती सोताच जोडली. तिले ब्रेक नाही, अन् चाक फिरते तोवर पायडलही फिरतच राह्यते.

“मंग थांबवाची कशी बे?” म्या इचारलं.

“वजन पुढे टाक अन् पायडल जाम धर. मागचं चाक घसरत जाते. त्यालेच स्किड म्हन्तेत.”

म्या सायकलवर बसून निघालो अन् पायडल धराले लय जोर लावला, पन पायडल काही ऐकेना. तेवढ्यात समोर सलीमच्या दादीनं वाळू घातलेल्या मिरच्या दिसल्या. म्या घाबरून डोये मिटले, अन् चाक एकदम जाम झालं. सायकल सर्रकन घसरत मिरच्याईच्या काठावर जाऊन थांबली.

“वा बे, जमली तुले,” सलीम म्हने. “उतर आता.”

उतरू कसा? पँटची मोहरी सायकलच्या चेनीत गुतली होती. म्या उभ्याउभ्या सावकाश कलंडलो, तो मिरच्याईतच.

दादी शांतपने म्हने, “उठू नोको बेटा. पडलाच हायेस, तर देठं तोडून दे.”

सलीमनं कैचीनं मोहरी कापली तवा सुटलो. आता कोनी इचारलं, याले स्किड येते का, तर सलीमच सांगते, “येते ना. पन दर टायमाले एक पँट लागते.”