ओल्या अंगाला मलम

माझ्या रोशनीची चादर मी रोज सकाळी आधी गार पाण्यात भिजवायचे. गरम पाण्यात रक्ताचे डाग पक्के बसतात. त्या सकाळीही चादर भिजवली. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला उकळायला ठेवला, डाळीचं पीठ वाटीत काढलं, आणि वर्षभराच्या पोरीला मी मांडीवर घेतलं. पीठ चोळलं की ती किंचाळायची. आम्हाला वाटायचं, घाण निघतेय.

बघा, उभी राहिले आणि थेट न्हाणीतच शिरले. रीत राहून गेली. आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष खंडेरावजी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, दवाखान्यातले डॉक्टर, सिस्टर, आयाबाया, समोर बसलेले आईबाप, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आदरणीय डॉक्टर मोहिनी यादव मॅडम, सर्वांना मंगलाबाईचा नमस्कार. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काही आहे ते वाचनालयातलं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही बोला, म्हणून उभी आहे.

तर ती सकाळ पंच्याण्णव सालची. आमचा मखमलाबादला भाजीचा मळा. माझे पती मनोज सातपूरला कारखान्यात होते. रोशनीला इसब. गुडघ्यामागे, कोपरात, गालावर कातडी फाटलेली. सासूबाईंचं ठरलेलं बोलणं असायचं, "आमच्या घराण्यात कुणाला खाज नाय. हिनंच डोहाळ्यात वांगी खाल्ली." पोर अंगावर पीत होती, म्हणून माझी वांगी बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. भाकरी आणि मुगाचं पाणी. दोष आईच्या तोंडाचा, हे सगळ्या गल्लीला मान्य होतं. मलाही होतं.

त्या दिवशी यांची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी तिघं इथे, या दवाखान्यात आलो. मॅडमनी पोरीला तपासलं, आणि मग म्हणाल्या, "बाबांचा हात बघू." तळहातावर रेघाच रेघा. कारखान्यातली पोरं त्यांना कासव म्हणायची. हे हसत म्हणाले, "मॅडम, भविष्य सांगता का?"

"भविष्य नाही, मागचं सांगते," मॅडम म्हणाल्या. "थंडीत नडगीवर माशासारखे खवले धरतात?"

"धरतात."

"घरात अजून कुणाला?"

यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "आईला."

घरी येऊन यांनी एवढंच म्हटलं, "आई, हे आपल्याकडून आलंय. हिच्या खाण्यातून नाही." सासूबाईंनी, म्हणजे रंगूबाईंनी, लुगडं पायावर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी परत आली. पाला उकळणं थांबलं, पीठ थांबलं. मॅडमची शिकवण एकच होती. अंघोळ झाली की पुसत बसू नका, अंग ओलं असतानाच हे पांढरं मलम लावा. रोज.

तेव्हा मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की हे वंशातून येतं, पण नेमकं कुठून ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत. दोन हजार सहा साली एक दिवस मला बोलावून म्हणाल्या, "मंगलाबाई, एक धागा सापडला." कातडीची भिंत धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बनवण्याची माहिती आपल्याला आईकडून एक, बापाकडून एक अशी मिळते. काहींची एक बिघडलेली असते, क्वचित दोन्ही. भिंतीला भेगा पडतात, ओल बाहेर जाते, बाहेरचं आत शिरतं. बिघाड असेल तर इसबाची शक्यता वाढते, लवकर सुरू होतो, जास्त छळतो. पण बिघाड असून काहींना नुसती कोरडी कातडी, जशी यांची, आणि बिघाड नसूनही कित्येकांना इसब. माझ्या मुलाला, ललितला, काहीच नाही. आईबाप तेच, घर तेच. मग वांग्यांनी काय केलं होतं?

रोशनीची तपासणी झालेली नाही. मॅडम म्हणाल्या, इथे होत नाही, आणि झाली तरी मलम तेच. यांची तर होणारच नव्हती. धागा सापडला तेव्हा दाखवायला तो हात राहिला नव्हता.

हे दोन हजार साली गेले. पाळी संपवून मोटरसायकलवर येत होते. रोशनी सहा वर्षांची. आमच्यात सुतकात दहा दिवस अंगाला तेल लावत नाहीत. मी मलमाचा डबा काढला तर चुलतसासू अक्काबाई म्हणाल्या, "तेल काय नि मलम काय, दोन्ही चोपडंच. बापाचं सुतक पोरीनं पाळू नये का?" मी डबा ठेवून दिला. माझ्यात भांडायला काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोरीचे गुडघे वळेनात. कातडी फुटून फ्रॉक चिकटला होता. रडत नव्हती. घरात सगळे रडतात म्हणून ती गप्प होती.

संध्याकाळी मॅडम भेटायला आल्या. पोरीकडे बघितलं, आणि मला नाही, सासूबाईंना म्हणाल्या, "रंगूबाई, तुमचे पाय थंडीत कोरडे राहिले तर कसं होतं?"

सासूबाई उठल्या. फळीवरचा डबा काढून माझ्या मांडीत ठेवला. अक्काबाई म्हणाल्या, "अगं रंगू, सुतक हाय!"

"हाय ना," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराची कातडी हाय ही. आता तेवढीच राहिली. सुकू द्यायची नाय."

मॅडम, तुम्ही मनमाडला लेकीकडे राहायला जाताय. रोशनी समोर बसली आहे, यंदा बारावीला आहे, आता हात झाकायला लांब बाह्या घालत नाही. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, नाहीतर त्याही आल्या असत्या. आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला वाचनातही सापडलं नाही. अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत. सुखाच्या कार्यक्रमात सुतकाचं बोलले, काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या.

सुतकाच्या चौथ्या दिवशी सकाळी मी रोशनीला अंघोळ घातली, आणि अंग ओलं असतानाच मलम लावलं.