इंजिनिअरच्या डोक्याचं माप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे संचालक माननीय डॉक्टर विजयसिंह सर. प्रमुख पाहुणे, आमच्या इंदापूर तालुक्याचे आधारवड हिंदुराव आबा. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर मेघना मॅडम. आणि जेवणाचा वास यायला लागल्यावरही नेटानं बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी प्रियदर्शनी. सणसरच्या शाळेत विज्ञान शिकवते. इथली बरी झालेली पेशंट म्हणून मला बोलावलंय. सरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "बाई, मशीनबद्दल चार चांगले शब्द बोला." बोलते ना. मशीनबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

त्या मशीनच्या उद्घाटनाला आपले हिंदुराव आबा स्वतः खुर्चीत बसले होते, फेट्यासकट. डोक्यावर धरायची ती चुंबकाची कॉइल फेट्यावर टेकवली, फोटो निघाले आणि आबा म्हणाले, "लय हलकं वाटाय लागलं की!" मशीन तेव्हा सुरू व्हायचं होतं. आबा, रागावू नका. एवढ्या लवकर गुण आलेला दुसरा पेशंट इथं झाला नाही.

मला काय झालं होतं? वर्गात उभी राहायचे, हातात खडू असायचा आणि पुढचं वाक्यच सुचायचं नाही. मग शाळा सुटली, जेवण सुटलं, बोलणं सुटलं. नैराश्याच्या गोळ्या झाल्या. शेवटी माझे यजमान बुद्धघोष मला बारामतीला घेऊन आले. सरांनी सांगितलं, "डोक्यावर चुंबकाचे ठोके देऊ. भूल नाही, टाका नाही." मी खुर्चीत बसले. सुतारपक्ष्यासारखं टकटक, टकटक. कित्येक आठवडे आम्ही सणसरहून येत राहिलो. फरक शून्य.

तेव्हा सर मला काय म्हणाले, ते मी विसरलेले नाही. म्हणाले, "बाई, मशीन त्याचं काम करतंय. तुमचा आजार हट्टी आहे. माणसाला बरं व्हायची इच्छा पण पाहिजे."

ज्या बाईला सकाळी उठायची इच्छा होत नाही, तिच्याकडे बरं व्हायची इच्छा मागायची! केवढा हा उपचार! घरी गेल्यावर मी बुद्धघोषना म्हटलं, "मला परत नेऊ नका. दोष माझाच आहे." ते म्हणाले, "तू गप. एकदा जाऊ, मग बघू." आणि ते शेजारी बसून राहिले. त्या दिवसांत माझ्या मनात काय काय यायचं, ते या व्यासपीठावर सांगत नाही. यजमान मला विहिरीकडे एकटं जाऊ देत नव्हते, एवढं सांगितलं तरी पुरे.

आम्ही परत आलो तेव्हा मेघना मॅडम नव्यानं रुजू झाल्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांचा थ्रेशोल्ड कुणी मोजला?" मी शिक्षिका, म्हणून मीच विचारलं, म्हणजे काय हो? त्यांनी समजावलं. मेंदूत हात हलवणारी एक जागा असते. तिथं कॉइल धरून ठोक्याची शक्ती हळूहळू बदलत जायची. ज्या कमीत कमी शक्तीला निम्म्या वेळा तरी अंगठा हलतो, तो त्या माणसाचा थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. त्यावरून उपचाराची शक्ती ठरते. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर फिट यायचा धोका. आणि हा उंबरठा प्रत्येकाचा निराळा.

मॅडमनी माझा हात उशीवर सैल ठेवायला लावला. कॉइल केसभर इकडे, केसभर तिकडे. जी शक्ती मला इतके आठवडे दिली जात होती, तिला माझा अंगठा ढिम्म हलेना. मॅडमनी ती वाढवत नेली. आणि एकदम अंगठा टुणकन उडाला. बुद्धघोष ओरडले, "हाललं की! अवं, हाललं!"

मी मात्र रडायला लागले. आनंदानं नव्हे, संतापानं. म्हणजे दोष माझ्या इच्छेचा नव्हताच!

तेवढ्यात सर आत आले. बाहेर गर्दी खोळंबली होती. म्हणाले, "मॅडम, अंगठे बघत बसायला हे काय ज्योतिषाचं दुकान आहे?"

मॅडमनी विचारलं, "सर, आतापर्यंतचा आकडा आला कुठून?"

सर सहज म्हणाले, "मशीन बसवायला इंजिनिअर आला होता, त्याच्या डोक्याला जमला तोच ठेवला. डोकं ते डोकं."

मंडळी, कोण कुठला तो भला इंजिनिअर! सुप्यापासून सणसरपर्यंतची आमची सगळी दुःखं त्याच्या डोक्याच्या मापानं बेतली जात होती. शिंपीसुद्धा एका गिऱ्हाइकाचं माप घेऊन सगळ्या गावाचे सदरे शिवत नाही.

सर म्हणाले, "पुढचा पेशंट घ्या. न मोजता." मॅडमनी मशीनचा प्लग काढला आणि त्या म्हणाल्या, "मग तुम्ही द्या सर. माझ्या हातून होणार नाही." नोकरी नवी होती. पण प्लग त्यांनी हातातून सोडला नाही. शेवटी सरच निघून गेले.

पुढे मॅडमनी माझ्या मापाचे ठोके दिले आणि मी हळूहळू सावरले. एके दिवशी इंदापूरला जाताना रस्त्यावरच्या एका फलकावर 'हार्दिक' शब्द चुकीचा लिहिलेला दिसला आणि मी एसटीत मोठ्यानं चिडले. बुद्धघोषना एवढा आनंद झाला, की मागच्या सीटवरच्या माणसाला त्यांनी सांगितलं, "आमच्या बाई परत आल्या!"

आणि मॅडमचं काय झालं? त्यांच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. पत्रिकेत छापलंय, 'पुढील उज्ज्वल वाटचालीसाठी.' वाटचाल त्यांची, ढकलणारे हात आपले. शाल मात्र उत्तम निवडलीत सर.

आता एकच. शेवटच्या रांगेत कन्हेरीचे सोपानराव बसलेत. उद्या त्यांची पहिली वेळ आहे. मघाशी दारात ते मला विचारत होते, "ताई, म्याडम चालल्या, मग माझं माप कोण घेणार?" सर, मी काय सांगू त्यांना? हसू नका, ते खरंच थांबलेत.

"मोजू"? जरा माईकजवळ येऊन म्हणता का? हं. "प्रत्येकाचं मोजू." ऐकलंत सोपानराव? हिंदुराव आबा, तुम्ही साक्षीला आहात. आणि मॅडम, उद्या सकाळी येऊन तुमच्या जागी येणाऱ्या नव्या डॉक्टरांना एकदा दाखवून जाल? मान हलवलीत. आभारी आहे.

आयोजकांनी मला माईक दिला, हे त्यांचं धाडस, त्यांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर मेघना मॅडमनी मला क्षमा करावी. काही जास्त झालं असेल, तर ते तसंच राहू द्या.

जय भीम. धन्यवाद.