टपावरचं टेंगूळ

ठण्ण... तो आवाज अजून कानात आहे हो. लग्न लागलं, नवरी गाडीत बसली आणि तिचं डोकं टपावर आपटलं. बायको माझी उंच, गाडी बुटकी. तुम्हाला सांगतो, मी पत्रे ठोकणारा माणूस, दुसऱ्याच दिवशी आतून हातोड्याचे घाव घातले आणि तिच्या जागेवरचा टप वर काढला. चांगलं टेंगूळ आणलं. त्याखाली ती इतकी वर्षं ताठ मानेनं बसली.

आणि परवा जावई आला. टेंगळावर हात ठेवून म्हणतो कसा, "बाबा, इथं वारा अडतो. म्हणून गाडी डिझेल पिते." अरे, पिऊ दे की, तुझ्या बापाचं पिते का? पण जावई पडला, बोलणार काय?

मग त्यानं हिनं विणायला घेतलेला स्वेटर उसवला, लोकरीचे तुकडे गाडीभर चिकटवले आणि मला गाडी पळवायला लावली. "जिथं लोकर फडफडेल तिथं वारा अडतो, बाबा." फडफडली आरशांवर, आरसे उपटले. कॅरियरवर फडफडली, कॅरियर पहारीनं उचकटला. दारांची हँडलं छाटली. ठिणग्या उडतायत, पत्रा किंचाळतोय, माझ्या हातात हातोडा, समोर त्याचं वाकलेलं टक्कल... गुळगुळीत, वारा कुठं म्हणून अडायचा नाही. एकच घाव पुरला असता. पण जावई पडला, हात उचलणार कसा?

शेवटी टेंगूळ कापलं. सपाट पत्रा जोडला. मी धरला, त्यानं वेल्डिंग मारलं.

तेवढ्यात ही आली, आत बसली, मान दुमडून तशीच राहिली. "कुणी केलं हे?"

"पत्रा बाबांनीच धरला," जावई म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

तिनं माझ्या हातातला हातोडा हिसकावला. मी डोकं झाकून घेतलं. पण घाव पडले ते टपावर, आतून... धाड, धाड, काच फुटली, वेल्डिंग फाटलं, पत्रा जबड्यासारखा वर उघडला.

गाडीखालून बारीक आवाज आला, "आई, आता तर फारच वारा अडेल."

हँडल उरलं नव्हतं, मी खिडकीतून हात घालून दार उघडून धरलं. म्हटलं, "बस गं, सोडतो."

ती उतरली, हातोडा माझ्या पायावर सोडला. अहो, मीही तिच्या माहेरचा जावईच की... पण ते ऐकायला थांबतंय कोण? ती पायीच निघून गेली.