बांधावरून डावीकडे

नमिता : आजोबा, वरात नावड्याला पोचलीय. लग्न आपलं ऐरोलीत आहे!

वामन : पोचली ना? मंग बरां झालां.

नमिता : माझा नवरदेव परक्यांच्या हॉलमध्ये पाटावर बसलाय. त्यांचा स्वतःचा आला नाही, म्हणून त्यांनी ह्यालाच ओवाळून आत घेतलं.

वामन : मानसां चांगली हायेत.

नमिता : तेजसला रस्ता काय सांगितलात?

वामन : बरोबर सांगलां. आपल्या भातशेताच्या बांधावरून डावीकडं, मिठागर लागला का सरळ.

नमिता : तिथे आयटी पार्क झालंय, आजोबा! सिक्युरिटीने अख्ख्या वरातीच्या गळ्यात पास अडकवले. नवरदेव व्हिजिटर!

वामन : पास दिला म्हंजे रस्ता बरोबरच व्हता.

नमिता : आणि आपल्या स्टेजवर फेटा बांधून हा कोण बसलाय?

वामन : नावड्याचा नवरा. सकाळी नाक्यावर रस्ता इचारत व्हता.

नमिता : त्यालाही तुम्हीच?

वामन : मानूस इचारतो, आन गप बसू? सत्तर वरसांत ह्या वामननं कोनाला 'म्हाईत नाय' सांगलां नाय. गावात इज्जत हाय.

नमिता : मी तेजसला लोकेशन पाठवलं. तो म्हणतो, मोबाईल चुकेल, आजोबा चुकणार नाहीत. तुम्ही सांगितल्याशिवाय उठणार नाही.

वामन : गुनाचा पोरगा. मीच पसंत केला.

नमिता : घ्या फोन. स्पीकरवर आहे.

तेजस : आजोबा, अंतरपाट धरलाय. पलीकडून मुलगी विचारतेय, हा कोण? काय सांगू?

वामन : सांग... सांग का...

नमिता : आजोबा, त्यांनी अक्षता वाटल्यात!

वामन : तेजस, मना... मना म्हाईत नाय.

तेजस : काय माहीत नाही?

वामन : हॉल कुठं हाय त्यो. रस्ता. काय बी नाय म्हाईत. ऊठ तू. नमी सांगल तसा ये.

तेजस : उठलो! अहो, फेटा सोडा माझा!

(फोन बंद होतो.)

नमिता : सुटला एकदाचा. आजोबा, घाम फुटलाय तुम्हाला. पाणी देऊ?

वामन : नको. गंमतच हाय गो. बोललो, आन जिवाला हलकां वाटलां. नमे, एक इचारू?

नमिता : विचारा.

वामन : यो पोरगा तुला आवडतो का? मी सगल्यांना सांगत फिरलो, नमीला पसंत हाय. खरां म्हंजे मना म्हाईतच नाय.

नमिता : आवडतो, आजोबा. ...अजून काहीतरी विचारा ना.