हेच वय आहे

...आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर हेच वय आहे! तुम्हाला सांगतो, हे तीन शब्द ज्यानं पहिल्यांदा उच्चारले ना, त्याला आमच्या गावच्या चढावर भर उन्हात दोनदा पळवला पाहिजे, आणि वरून विचारलं पाहिजे, आता सांग, कोणतं वय आहे?

स्वराज म्हणजे आमच्या शेजारच्या हौशीरामआबांचा पोरगा. आंदर मावळातलं गाव, भाताची खाचरं, दोन म्हशी, आणि पोराच्या डोक्यात एकच, पोलीस भरती. बारावी झाली आणि हे सुरू झालं. केस कापायला बसला, न्हावी म्हणतो, काय ते करून घे, हेच वय आहे. लग्नात पंगतीला बसला, वाढपी जिलेबी वाढता वाढता म्हणतो, हेच वय आहे... जिलेबी खायचं नव्हे हो, आयुष्य घडवायचं! अहो, मयताला गेला तर तिथंसुद्धा! समोर माणूस तिरडीवर बांधलाय आणि मागून कुणीतरी याच्या कानाला लागलंय, बघ बाबा, कुणाच्या हातात वेळ राहत न्हाई, हेच वय हाय. आता तिरडीकडं बघत हे ऐकल्यावर वीस वर्षांच्या पोरानं करायचं काय? भ्यायलं पोरगं. खरंच भ्यायलं.

आणि भ्यालेलं पोरगं जातं कुठं? शिबिराला! खंडाळ्याला दरीच्या कडेला एका हॉटेलात गंगाधर सरांचं शिबिर होतं. सर म्हणजे कोट, टाय, आणि आवाज असा की जणू खोलीत कुणीतरी आजारी झोपलंय. "मित्रांनो... विशी म्हणजे पाया. पाया चुकला... की इमारत खाली येते." आणि असं म्हणून सर खिडकीतून दरीकडं बघायचे. मग पोरंही बघायची. मग चहा.

सरांनी चार पायऱ्या सांगितल्या. वीस ते बावीस, ज्ञान. बावीस ते चोवीस, अनुभव. चोवीस ते सव्वीस, शरीर. आणि सव्वीस पुरं झालं की घाव! स्वराजनं विचारलं, सर, भरतीचा फॉर्म आत्ताच भरला तर? तर सर मंद हसले. "कच्चा माणूस दहा घाव घालतो. पिकलेला एकच." झालं! पोरानं मोठा तक्ता केला आणि घरात कणगीच्या वर चिकटवला. पंचांगसुद्धा इतक्या भक्तीनं कुणी बघत नसेल.

आणि पाळला हो त्यानं! दोन वर्षं टायपिंग, कॉम्प्युटर, इंग्रजी बोलणं. म्हशीला गुड मॉर्निंग म्हणायचा. मग दोन वर्षं उर्स्याच्या टोलनाक्याजवळ एका कंपनीत, खोकी उचलायचा अनुभव. मग शरीर. पहाटे पळणं, दंड, बैठका, आणि अंडी इतकी की शालूबाईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, कोंबड्या त्याला बघून करवंदीच्या जाळीत लपायला लागल्या. गाव कौतुक करत होतं, असं पाहिजे पोरगं, हेच वय आहे! मला मात्र, खोटं कशाला सांगू, धाकधूक वाटायची. माणसाचं सगळं इतकं आखल्यासारखं चाललं की कुठंतरी काहीतरी दबा धरून बसलेलं असतं.

गेल्या वर्षी भरती निघाली. ओंकार आला, स्वराजचा वर्गमित्र. या ओंकारचं विशीतलं एकूण काम काय, तर पुलाच्या कठड्यावर बसणं. तो म्हणाला, चल, भरू फॉर्म. स्वराज म्हणाला, माझी तिसरी पायरी चालू हाय, पुढल्या वर्षी. वर आपले जुने बूट ओंकारला देऊन टाकले, पळताना लागतील म्हणून. ओंकार त्या बुटांत पळाला... आणि लागला! आज वर्दीत आहे. ना ज्ञान, ना अनुभव, ना अंडी!

असो. यंदा स्वराजला सव्वीस पुरं झालं. चौथी पायरी! लोणावळ्यात विक्कीच्या दुकानात फॉर्म भरायला बसला. विक्कीनं नाव टाकलं, पत्ता टाकला, जन्मतारीख टाकली, आणि पडद्यावर लाल अक्षरं. विक्की म्हणाला, "दादा, वय बसत नाही. मर्यादा अठ्ठावीसची, तुम्हाला ती उलटून चार महिने झालेत."

आता तुम्ही म्हणाल, सव्वीसचे अठ्ठावीस एका खुर्चीत बसल्या बसल्या कसे झाले? तर ते तसे बावीस वर्षांपूर्वीच झाले होते. आमच्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख लिहायचे. आणि स्वराजचं तर जन्माचं वर्षही दोन वर्षं मागचं लिहिलेलं, चार वर्षांचं पोरगं सहाचं म्हणून. त्याला माहीत नव्हतं का? होतं की! सगळ्यांना माहीत होतं. उलट मजाच वाटायची. खऱ्या सोळाव्या वर्षी गाडीचं लायसन, सोळाव्या वर्षी मतदान! त्याला वाटायचं, कागदावरचा स्वराज आपलाच माणूस आहे, दोन वर्षं पुढं गेलाय, जागा धरून ठेवील. आणि कागद काय, कधीही दुरुस्त करता येतो, असं हौशीरामआबा म्हणायचे.

गेले बाप-लेक शाळेत. आता तिथं रजनीबाई म्हणून मुख्याध्यापिका आहेत, बिचाऱ्या भल्या. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. एक जून. खाली आबांची सही. बाई म्हणाल्या, दहावीनंतर इथून काही बदलता येत नाही, कोर्टात जावं लागेल. किती दिवस लागतील? बाई म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत यांचं खरं वयही निघून जाईल हो.

स्वराज त्या सहीकडं बघत राहिला. म्हणाला, "आबा, का लिवलं असं?"

आणि आबा, उभ्या जन्मात कुणापुढं न वाकलेला माणूस, टोपी काढून हातात घेऊन उभे. म्हणाले, "पटावर एक पोर कमी पडत व्हतं. वर्ग बंद झाला असता. गुरुजी म्हनलं, लवकर घाला, लवकर शिकंल, लवकर लागंल कामाला... म्हनलं, शिकायचं हेच वय हाय."

ऐकलंत? बापानं पोराच्या भल्यासाठी दोन वर्षं पुढं ढकलला, सरांनी भल्यासाठी सहा वर्षं मागं धरला, आणि या दोघांच्या भल्यामध्ये पोराची विशी चिरडून गेली. दोष द्यायचा कुणाला? आणि तुम्ही हसताय. हसा. मीही सुरुवातीला हसलोच होतो.

परत येताना दोघं बांधावर टेकले. आबांना राहवेना. बाप तो, पोराला धीर द्यायचा म्हणजे काहीतरी बोलायला हवंच ना! म्हणाले, "येक फायदा हाय बग. म्हाताऱ्यांचं एसटीचं अर्धं तिकीट तुला दोन वर्सं आदीच लागू व्हनार."

स्वराजनं पँटीची माती झटकली, उठला, चढाच्या पायवाटेला लागला, आणि मागं न बघता म्हणाला, "व्हय आबा. तवर गावाला एसटी येतीय का बगू."