बारा बुचं

— अहो, नाही नाही, हात नका लावू साहेब, ओलं आहे अजून! लागलं ना बोटाला? आता हे तीन दिवस जायचं नाही. हा रॉकेलचा बोळा घ्या, पुसा. शर्टाला नका पुसू, घरी माझ्या नावाने शंख करतील. बसा, त्या टायरवर बसा, खुर्चीचा पाय लंगडा आहे. तुमच्या जीपचं काम झाल्यातच जमा आहे — गंज खरवडला, आतून मेण मारलं, खालून काळा थर दिला — आता फक्त बुचं उपसायची राहिलीत. घाईत नाही ना? मग बसाच. आज मला इथे कुणीतरी बसलेलं हवंय. — छे, फोनकडे कुठे बघतोय? वेळ बघतोय. किती, पावणेचार? म्हणजे दोन तास होऊन गेले.

काय? बुचं कसली? या इकडे, वाका. वाकता येतं ना? हां. हा चॅसीचा दांडा, अख्खी गाडी याच्यावर बसलेली असते. लोकांना वाटतं भरीव लोखंड आहे — कसलं भरीव, आतून पोकळ आहे. तुम्ही गाडी ओढ्यातून घालणार, चिखलात घालणार, समुद्राच्या वाळूत घालणार — घालणारच, त्यासाठीच तर घेतली — की पाणी आत शिरतं. शिरू दे, बिघडत नाही. त्याला बाहेर पडायला खाली ही भोकं ठेवलेली असतात. बारा. आता मी वरून हा डांबरासारखा थर मारला तर भोकं बुजतील की नाही? म्हणून आधी प्रत्येक भोकात एक लाकडी बूच ठोकायचं, मग थर मारायचा, आणि सुकायच्या आत बूच उपसायचं. ती भिंतीवरची फळी बघा — बारा खाचा. बुचं फळीत परत बसली की गाडी सोडायची, एक जरी खाच रिकामी दिसली तर किल्ली द्यायची नाही. हा कायदा माझा नाही हं, आमच्या हिचा. मी मारणार, ती मोजणार. चहा घेऊन यायची, आधी फळीकडे बघायची आणि मग माझ्याकडे. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी हाच क्रम. हसताय काय, खरंच हाच क्रम. आता ती नाही. दोन वर्षं झाली, वर तीन महिने.

आणि बूच आत राहिलं तर? बरोबर विचारलंत. राहिलं तर काही होत नाही. म्हणजे बाहेरून. बाहेरून काळी कुळकुळीत, नव्याहून नवी. आत पाणी साठतं, खारं पाणी असलं तर विचारूच नका, आणि ते बसतं दांडा खात. वरून ठोकलं तरी लवकर कळत नाही, कारण माझाच थर आवाज गिळतो. मग कधीतरी घाटात, वळणावर — जाऊ दे हो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत राहिली होती माझ्याकडून. एकदाच. चार राहिली होती. थांबा हं, एक फोन लावतो.

— नाही. पुन्हा तीच बाई. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर — किती गोड आवाजात सांगते, मेली! माफ करा. मुलीला लावतोय. माझी मुलगी येतेय आज, दोन वर्षांनी. जनावरांची डॉक्टर आहे, तिकडे वर, डोंगरात. जावयाची नोकरी तिकडे, तिनेही तिकडच्याच दवाखान्यात जागा घेतली. वाड्यावस्त्यांवर फिरायला जुनी जीप आहे तिच्याकडे, तुमच्यासारखीच. तीच घेऊन येतेय, घाट उतरून. ती आणि छोटी. छोटी दहा महिन्यांची आहे. मी अजून पाहिलेली नाही, फोटोत पाहिली. डोळे आमच्या हिचे आहेत.

दीड वाजता तिचा फोन आला. बाबा, निघाले. असा आनंद झाला मला! मी आपला ये, ये, सावकाश ये करतोय, आणि ठेवता ठेवता ती म्हणते, मागचं दार नीट लागत नाहीये बाबा, आलं की बघा. मी म्हटलं, बघतो. म्हटलं आणि ठेवला. शहाणाच मी! तुमच्या गाडीखाली शिरलो, पहिलं बूच पकडीत धरलं, आणि हात जो थांबला तो थांबलाच. दार का लागत नाही, साहेब? दाराला काय धाड भरली? तुम्ही सांगा. चौकट तिरकी झाली की दार लागत नाही. आणि चौकट कधी तिरकी होते? खालचा दांडा बसला की. तेव्हापासून लावतोय फोन. चाळीस वेळा तरी लावला असेल. घाटात पंचवीस वळणं आहेत, मी मोजत बसलोय, आता सातव्यावर असेल, आता अकराव्यावर.

हो. तिचीच. ते गिऱ्हाईक म्हणजे तीच, दुसरं कोण.

आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका, तुमची बुचं उपसत, फळीत बसवत सांगतो. हिला जाऊन तीन महिने झाले होते आणि मुलगी निघाली. मी तिच्या गाडीखाली होतो, ती वर उभी. तिचे बूट तेवढे दिसत होते मला. काम करता करता भांडलो आम्ही — मी म्हटलं, जा, म्हातारा काय, मरेल इथे एकटा. ती म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हटलं, मी काय तुझ्या दवाखान्यातलं जनावर आहे, दावं धरून न्यायला? मग ती रडली. मग मी आणखी चढलो. पुढची आठ बुचं उपसली होती, मागची चार बाकी होती — आणि मी बाहेर आलो आणि किल्ली फेकली. हातात नाही दिली. फेकली. ती उचलून घेतली तिने आणि गेली.

कधी लक्षात आलं? आलं नंतर. पाच-सहा दिवसांनी — नाही. खोटं कशाला बोलू, तुमचं माझं काय नातं. त्याच संध्याकाळी आलं. फळीत चार खाचा रिकाम्या. मी बघत बसलो. एक फोन करायचा होता, काय लागतं त्याला? बेटा, बुचं राहिलीत, तिकडे कुणाकडून तरी काढून घे. एवढंच. पण आधी मी करू? गेली कोण, ती की मी? करील ती फोन, मग बोलण्याबोलण्यात सांगू. तिने केला महिन्याने, मी उचलला नाही. मग उचलायला लागलो, तर तेव्हा सांगायची लाज वाटली, की इतके दिवस का नाही सांगितलं. मग छोटी झाली. मग तर — बघा, नीट बघा फळीकडे. ती चार बुचं जरा पिवळी आहेत की नाही? नवीन आहेत. मी बसून तासली. रिकाम्या खाचा डोळ्यांना टोचायच्या म्हणून तासली आणि भरून टाकली.

तुमची किल्ली माझ्या खिशात आहे, साहेब. मघापासून आहे. मनात आलं होतं, हीच जीप काढावी आणि घाटाकडे सुटावं, ओला थर गेला खड्ड्यात. नाही गेलो. कारण गाठली तर तिला सांगावं लागेल. असा मी आहे. — एक मिनिट! वाजतेय. लागला, लागला!

हॅलो? बेटा? कुठे आहेस? गाडी थांबव, आधी थांबव… थांबलीच आहेस? चहाला? छोटी? बाहेर आहे ना, गाडीत नाही ना? बरं. बरं. मला काही नाही झालं, मी ठणठणीत. ऐक, त्या गाडीत परत बसायचं नाही. दुसरी गाडी कर, बसने ये, मी येतो न्यायला. अगं ते दार… दांडा गेलाय तुझा, चॅसीचा दांडा. मागच्या चार भोकांत बुचं आहेत, माझ्याकडून राहिली होती, तेव्हाच्या… काय? कधी? तू? खाली शिरून? — साहेब, काढली होती तिने! पहिल्याच आठवड्यात! आईने शिकवलं होतं म्हणते, गाडी घेतली की भोकं मोजायची! — आणि दार? बैलाने? शिंग घातलं? मार त्या बैलाला… नाही, नको मारू, माझ्यातर्फे त्याला गूळ घाल! अगं माझा जीव टांगणीला लागला होता इथे, मी दोन तास… हां. हो, विसरलो तेव्हा. रागात होतो ना. आज कसं आठवलं?

आज नाही आठवलं.

…नाही, म्हणजे मला माहीत होतं. त्याच दिवशी. संध्याकाळी. …हो. …हो, छोटीला दवाखान्यातून घरी नेलंस तेव्हाही. त्याच गाडीतून, माहीत होतं. …बेटा, मी सांगणार होतो. …हॅलो? बोल ना. ओरड हवं तर. हॅलो?

ठेवला.

नाही, रेंज नाही गेली. ठेवला तिने, कळतं ते. येते म्हणाली नाही. येत नाही असंही नाही म्हणाली.

तुम्ही या आता, साहेब. ही तुमची किल्ली. तुमची बाराही काढलीत मी मघाशी, बोलता बोलता. काढली असावीत. फळी काय बघताय? भरलेलीच आहे ती, ती मी घरी बसूनही भरतो. फळीवर जाऊ नका. गाडीखाली वाका आणि भोकं मोजा, एकेकात बोट घालून. आणि मोठ्याने मोजा, मला ऐकू येईल असं.