नाते : अक्का

विषय — बंदी क्रमांक चारशे बारा, मल्लेश पिराप्पा, राहणार दुबलगुंडी, यास घरी फोन करू देण्याबाबत. संदर्भ — त्याचाच अर्ज, जून दोन हजार अकरा. — तुमचाच पोरगा ना? मग ऐका, मधे बोलू नका. जेलात फोन आलाय, हे खरं. आठवड्याला एकदा, पाच मिनिटं. पण कुणालाबी लावता येत न्हाई, अक्का. नंबर कुणाचा, ते ठाण्याकडनं तपासून यावं लागतं. तुमच्या मल्लेशनं नाव लिहिलं पद्माबाई — बरोबर — आणि नात्याच्या रकान्यात काय लिहिलं? 'अक्का'. अक्का म्हंजे थोरली बहीण. हवालदार दुबलगुंडीला जाऊन आला, लिहून दिलं — बंद्यास बहीण नाही. झालं! नसलेल्या बहिणीला फोन कसा लावू द्यायचा?

व्हय, व्हय, कळलं — तुमचे भाऊ तुम्हाला अक्का म्हणायचे, ते ऐकून पोरगंबी तेच म्हणायला लागलं. गोड आहे. रकान्यात गोडाला जागा न्हाई. आत्ता मी तुम्हाला अक्का म्हटलं, म्हणून काय मी मल्लेशचा मामा झालो?

मंगळवारी? — काय मंगळवारी? पिराप्पाचा गळा कापणार, आवाजाची पेटीच काढणार, बिदरच्या दवाखान्यात. मग बाप पोराशी बोलणार कसा, म्हणता. कामून बोलायला पाहिजे? जन्मभर बोलला, पोरानं कुठं ऐकलं? ऐकलं असतं तर इथं कशाला आला असता? — नवा अर्ज करा. नवी चौकशी, पंचेचाळीस दिवस. डॉक्टरला म्हणा, गळा तोवर राहू द्या.

खोडून 'आई' लिहू? मी? तीस वर्षं झाली, माझ्या कागदावर खाडाखोड न्हाई. विचारा साहेबाला. — साहेब भला माणूस, म्हैसूरकडला. नामंजुरीवर सही करताना थांबला. म्हणाला, सुधींद्र, तुमच्या इकडं आईला अक्का म्हणतात का हो कुठं? मी म्हटलं, छे साहेब, असं कुठं असतं — आता व्हय म्हटलं असतं, तर खुलाशाचं टिपण कुणी लिहायचं? मीच की! जेवायची वेळ झालेली —

थांबा, माझा वाजायलाय. — हॅलो. हां, अक्का. खाल्ला की डबा. व्हय, भाजी चांगली होती. तू गोळी घेतलीस का? — पोरगं रिटायर व्हायला आलं, तरी दिवसातनं चारदा कशाला फोन करतीस गं, ऑफिसात माणसं बसलीत. ठेव. ठेव, अक्का.

हां, तर आपलं —

कोण म्हंजे? बहीण. थोरली ब— घरचं कुणीतरी. तुम्हाला काय करायचंय?

असं बघू नका. उठा. खिडकी बंद व्हायलीय, मागची माणसं खोळंबलीत. — अर्जाचं? अर्जाचं काय, घरी सांगायला पाहिजे तर सांगा. अर्ज विचाराधीन आहे.